सांबार आणि कोथिंबीर

संपादकांचे पत्र आले ते ऐन भाद्रपदात. 'आपल्या महाराष्ट्रातल्या रोजच्या जगण्यातील लकबी आणि गमती मराठी लेखकांनी कशा रंगविल्या, यावर लिहा. मात्र फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा ठेवून वाचता येईल असे लिहा,' अशी त्यात सूचना होती. टीका लिहिणाऱ्या माणसाला असे सांगणे म्हणजे कडुलिंबाला, यंदा जरा गोडसर मोहोर येऊ द्या, असे सांगण्यासारखे आहे. पण संपादक जुने स्नेही, आणि विषय तर असा की त्यावर प्रत्येक मराठी माणसाचे मत तयार असते. पुण्याची पाटी, मुंबईची लोकल, कोल्हापूरचा रस्सा, नागपूरचे ऊन, कोकणातला तिरकसपणा; चार माणसे दिवाळीत एकत्र बसली की ही यादी आपोआप सुरू होते आणि चहाचा दुसरा कप येईपर्यंत संपत नाही.

या विषयावर मी तटस्थपणे लिहू शकणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याचे कारण घरगुती आहे. माझी आई वऱ्हाडातली, अकोटची. लग्न होऊन १९५० साली ती पुण्यातल्या आमच्या वाड्यात आली. मी सहासात वर्षांचा असताना एकदा तिने माझ्या हातावर आणा ठेवला आणि सांगितले, 'कोपऱ्यावरून सांबार घेऊन ये.' मी भाजीवाल्या मावशींपुढे जाऊन खणखणीत आवाजात सांबार मागितला. मावशी हसत सुटल्या. म्हणाल्या, 'अरे, सांबार हवं तर उडप्याच्या हॉटेलात जा. माझ्याकडे कुठलं?' वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मावशींना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि पुण्यात सांबार म्हटले की लोक इडली शोधतात, हे मला ठाऊक नव्हते. मी रिकाम्या हाताने परतलो, पण ती गोष्ट माझ्याआधी वाड्यात पोहोचली होती. पुढे कित्येक दिवस नळावर पाणी भरताना बायका आईला विचारीत, 'काय वहिनी, काय करून राहिल्या?' त्यात दुष्टपणा नव्हता. त्याच बायका तिच्या बाळंतपणात रात्रंदिवस राबल्या होत्या. आईही त्यांच्याबरोबर हसे. मात्र दुसऱ्या दिवसापासून ती कोथिंबीर म्हणू लागली, आणि दोनेक वर्षांत तिचे 'करून राहिले' जाऊन 'करते आहे' आले.

ते पुरते गेले नव्हते, हे मला उन्हाळ्याच्या सुटीत कळे. आजोळी जाताना आगगाडीने भुसावळ मागे टाकले की आईची भाषा बदलत असे. मलकापूरला ती समोरच्या बाईला 'कुठं चालल्या?' असे विचारी, आणि शेगाव येईपर्यंत दोघी 'काहून', 'मले', 'तुले' यांवर आलेल्या असत. परतीच्या प्रवासात भुसावळलाच हे सारे पुन्हा ट्रंकेत जाई. स्टेशनावर जकात नाका असावा आणि तेथे बोली उतरवून ठेवावी लागत असावी, अशी माझी लहानपणी खरोखरच समजूत होती.

आता साहित्याकडे येतो. आमच्या घरी दिवाळी अंक फिरत्या वाचनालयाचे येत. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून मराठी घरांना जी खोड लावली, तिच्यातून आमचे घर सुटले नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवणे झाली की अण्णा त्यातली एखादी विनोदी कथा मोठ्याने वाचीत. एका वर्षीच्या कथेत एक वऱ्हाडी आचारी होता. लग्नघरात तो प्रत्येक वाक्याला 'करून राहिलो' म्हणे, आणि त्यापलीकडे त्याला काही कामच दिलेले नव्हते. अण्णांनी ती वाक्ये मोठ्या हौसेने हेल काढून वाचली. सगळे हसले. आई चकलीचा सोऱ्या पुसत बसली होती, तीही हसली. पण हसताना तिने मान वर केली नाही. कथालेखकाचे नाव मला आठवते. ते सांगून कोणाचा फराळ कडू करण्याची इच्छा नाही.

पुढे मी मराठी साहित्य वाचू लागलो, शिकवू लागलो, त्यावर लिहू लागलो. तेव्हा कोठल्याही लकबीच्या वर्णनाला माझा पहिला प्रश्न हाच असे की, ही थट्टा करणारा माणूस पंगतीत कोठे बसला आहे? पाटावर बसून आपल्याच पानातल्या मिठाला हसतो आहे, की ओसरीवर उभा राहून दुसऱ्याच्या भुरक्याला?

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे आपल्या विनोदाचे आद्य पुरुष. त्यांचे आयुष्य वकिलीच्या निमित्ताने वऱ्हाडात गेले. 'सुदाम्याचे पोहे'मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांनी त्या काळच्या रूढींची जी झडती घेतली, तिचे ऋण मोठे आहे. परंतु वऱ्हाडात बसून कांडलेल्या या पोह्यांत मला वऱ्हाडची चव शोधूनही फारशी सापडत नाही. त्यांना लकबीपेक्षा रूढीशी भांडायचे होते, आणि त्या भांडणाला ग्रांथिक मराठी पुरेशी होती. हा दोष नव्हे, पण आईच्या बोलीला ग्रंथप्रवेश मिळण्याची एक नामी संधी हुकली, असे मला उगीच वाटत राहते.

चिंतामण विनायक जोशी यांची गोष्ट याच्या नेमकी उलट. ते जन्माने पुण्याचे, पण पालीचे प्राध्यापक म्हणून बडोद्याला राहिले. चिमणराव हा पेन्शनीची वाट पाहणारा, भित्रा, सज्जन आणि सदैव फजीत होणारा गृहस्थ त्यांनी दुरून पाहिला, आणि दुरून पाहिल्यामुळेच तो इतका स्वच्छ दिसला असावा. घरातल्या मंडळींची नावे पाहा: चिमण, काऊ, मोरू, राघू, मैना. सारे घरटेच. आणि सोबतीला गुंड्याभाऊ सोटा घेऊन उभा. जोशांची युक्ती अशी की चिमणराव स्वतःची हकीगत स्वतः सांगतो. हसणारा आणि हसू होणारा एकच असल्याने कोणाला ओसरीवर उभे राहायला जागाच उरत नाही. १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना घेऊन ही जोडी घराघरांत पोहोचविली, तेव्हा आमच्याकडे आईच सर्वांच्या आधी खुर्ची पकडून बसे. चिमणरावाला हसताना तिची मान वर असे. हा माझा टीकाशास्त्रातला पुरावा म्हणून चालेल की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

पु. ल. देशपांडे यांच्याविषयी लिहिताना मराठी टीकाकाराला जरा जपूनच पाऊल टाकावे लागते. त्यांच्यावर टीका म्हणजे घरच्या गणपतीच्या सोंडेवर मत देण्यासारखे. मी त्यांचा भक्त आहे, म्हणून थोडे बोलतो. १९६२ च्या 'व्यक्ती आणि वल्ली'मधला रत्नागिरीचा अंतू बर्वा घ्या. त्याचे बोलणे तिरके. सरळ 'या, बसा' म्हणणे त्याच्या जिभेला जमत नाही. एवढ्यावर थांबणारे लेखक कोकणात पैशाला पासरी मिळतील. पुलं थांबत नाहीत. गावात वीज येते आणि अंतूच्या घरी मात्र अंधारच राहतो. उजेड आणून दाखवायचे काय, तर गळके छप्पर आणि दारिद्र्य, हे तो त्याच तिरकस सुरात सांगतो, तेव्हा वाचकाच्या लक्षात येते की हा सूर म्हणजे गंमत नव्हे. मुलाच्या मनीऑर्डरीवर जगणाऱ्या, माणसे मुंबईने ओढून नेलेल्या एका किनाऱ्याने आपली अब्रू झाकायला पांघरलेली ती घोंगडी आहे. लकबीचे मूळ एकदा दिसले की थट्टेला आपोआप मर्यादा पडते. 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची. तिचा शेवटही असाच: इतका वेळ जिच्यावर हसलो ती चाळ पडणार म्हटल्यावर आपल्याला आपलेच काही पडणार असे वाटू लागते.

पण त्याच पुलंचा मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावरचा लेख मला थोडा खुपतो. तो वाचताना मी पोट धरून हसलो आहे, पुन्हा हसेन. तक्रार लेखाविषयी कमी आणि त्याच्या संततीविषयी जास्त आहे. त्यांनी तीन माणसे रंगविली. मागून आलेल्यांनी त्यांचे तीन साचे केले, आणि आज कित्येक वर्षे त्या साच्यांतून करंज्या निघताहेत. आता तर त्या छापण्याचीही गरज नाही, मोबाइलवर सकाळी सहालाच येतात. पुण्याच्या दुकानाची दुपारची एक ते चारची झोप मी निदान हजार वेळा वाचली असेल. सारणाच्या जागी फक्त हवा.

यावर कोणी म्हणेल की पुणेकराची थट्टा तर सर्वांत जास्त होते, तो कधी रडला का? प्रश्न रास्त आहे, आणि मी स्वतः अर्धा पुणेकर असल्याने मला त्याचे उत्तर ठाऊक आहे. पुणेकराला ती थट्टा मानवते, कारण पाठ्यपुस्तकातली भाषा त्याची आहे, आणि रेडिओ लावला की निवेदक त्याच्यासारखाच बोलतो. दुपारच्या झोपेवर कितीही विनोद झाले तरी मुलाखतीला गेलेल्या त्याच्या मुलाला कोणी 'जरा शुद्ध बोला' असे सांगत नाही. माझ्या मामेभावाला सांगितले होते. कोणी, ते महत्त्वाचे नाही. तो नोकरी न मिळवताच परतला आणि पुढे त्याने अकोल्याला स्वतःचा कापूस-सरकीचा धंदा काढला, तो भाग निराळा.

शिवाय आपण ज्यांना प्रांतोप्रांतीच्या गमती म्हणतो, त्यांतल्या पुष्कळशा मुळात इतिहासाच्या खुणा आहेत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तेव्हा तीन निरनिराळ्या कारभारांत वाढलेली माणसे एका छपराखाली आली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे शाळा-कचेरीची भाषा उर्दू. तेव्हा तिकडचा म्हातारा बोलता बोलता चार उर्दू शब्द पेरतो, ती ऐट नसून त्याची शाळा आहे. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांतात, हिंदीच्या मांडीला मांडी लावून. 'कर रहा हूँ' आणि 'करून राहिलो' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की विनोदाचे काम संपते आणि भूगोल सुरू होतो. हे कळूनही हसता येते. किंबहुना चांगले हसता येते.

इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' या १९४९ च्या संग्रहातील वारीवरच्या लेखात हे फार थोडक्यात साधले आहे. ज्या मुलखातले लोक पंढरीच्या वाटेला लागतात तो सारा महाराष्ट्र, असे त्यांना त्या वाटेवर उमगते; आणि तेथेच, एकत्र चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे जेवायला मात्र वेगवेगळी बसतात, हेही त्यांच्या डोळ्यांतून निसटत नाही. प्रेमाने लिहिताना डोळे मिटावे लागत नाहीत.

माणदेशच्या माणसांवर व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिले, दमांच्या गावकऱ्यांनी आपल्याला पोटभर हसविले, जळगावकडच्या बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर आली आणि शहरी वाचक चकित झाला. या सर्वांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी भर घालत नाही. रंगभूमीवरचे एक उदाहरण मात्र सांगायला हवे. त्यापूर्वी मराठी नाटकात मालवणी बोलणारा म्हणजे बहुधा घरगडी. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळी यांनी उभे केले आणि साऱ्या नाटकालाच मालवणी बोलायला लावले. गावातली मंडळी महाभारत करायला निघतात आणि त्याचा विचका करतात, एवढीच गोष्ट. पण हसणारे प्रेक्षक मुंबईत पोटासाठी आलेले मालवणीच होते. तीच माणसे, तेच हेल, तेच विनोद. जागा तेवढी बदलली. लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगाने मराठवाड्याच्या बोलीसाठी असेच काही केले. (त्या नावातले वऱ्हाड लग्नाचे. आमच्या एका दूरच्या मामांनी ते आपल्या जिल्ह्याचे समजून तिकीट काढले होते. तरी त्यांची निराशा झाली नाही.)

आता आईच्या पुस्तकाविषयी. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० ची, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्याच वयाची. मी ती कॉलेजात असताना, १९७२ च्या सुमारास, ग्रंथालयातून आणली आणि अर्धी वाचून कंटाळून खिडकीत ठेवली. कंटाळून, हे कबूल केले पाहिजे. संवाद सगळे वऱ्हाडी, विनोद शून्य, आणि दुःखाला उसंत नाही. कौतिक नावाची बाई, कामाला अंग न घालणारा नवरा, पुढे त्याला जडलेला महारोग, आणि पोरांना माणसांत आणण्यासाठी तिने केलेली मरमर. मला त्या वयात ते जड गेले.

आईने ती दुपारी हातात घेतली. तीन-चार दुपारी ती वाचत होती. भांडी घासायची राहिली तर ती उठून घाशी आणि परत खिडकीपाशी येई. शेवटी पुस्तक माझ्या हातात देऊन ती म्हणाली, 'हे कौतिक मले माईत हाये. आमच्या घराच्या मांगंच राहे थे.' पुण्याच्या त्या घरात मी तिच्या तोंडून ती भाषा प्रथमच ऐकली. अण्णा पलीकडे वर्तमानपत्र वाचीत होते, त्यांनी चष्म्यावरून पाहिले. कोणी हसले नाही. आईला स्वतःला आपण काय बोललो हे कळले की नाही, कोण जाणे. ती चहा टाकायला आत गेली.

मी ती कादंबरी रात्री पुन्हा पहिल्यापासून वाचली. शेळक्यांनी तेथे काय केले आहे, हे तेव्हा थोडे कळले. वऱ्हाडी हेल त्यांच्या पानावर रंग म्हणून येत नाही. कौतिक भांडते, हिशेब करते, पोरावर ओरडते, स्वतःची समजूत घालते, ते सगळे त्याच भाषेत, कारण दुसरी तिच्याजवळ नाहीच. ज्या क्रियापदांवर आमचा वाडा हसत होता, त्यांच्यावर एका बाईचा सबंध संसार तोललेला आहे. विनोदी लेखकांनी वऱ्हाडी माणसाचे बोलणे ऐकले. शेळक्यांनी तो काय बोलतो आहे ते ऐकले. दोहोंत फरक आहे, आणि माझ्या मते मराठीतल्या लकबीच्या साहित्याची सारी प्रतवारी त्या फरकावर करता येते. पुलंचा अंतू बर्वा या कसोटीला उतरतो. आचाऱ्याची ती कथा उतरत नाही.

या सगळ्यात एक मौज आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या मुलखाच्या बोलण्याला आमचा वाडा हसत होता, त्याच मुलखात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभावांनी मराठीतले पहिले मोठे गद्य लिहिले. म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून: कोठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले. आणि त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांचे चरित्र तर पाहावे! गावभर हिंडणारा, कोणाच्याही घरात शिरून जेवणारा, पोरांत रमणारा, भलत्याच वेळी रुसणारा असा हा अवलिया. भक्तांनी त्याचे तत्त्वज्ञान जितक्या निष्ठेने जपले नसेल तितक्या निष्ठेने त्याच्या खोडी लिहून ठेवल्या, आणि त्या लिहिताना कोठेही तोंड वाकडे केले नाही. 'वल्ली' हा प्रकार आपण विसाव्या शतकात इंग्रजी निबंधावरून शिकलो असे आमची पिढी वर्गात सांगत आली. मीही ते सांगितले आहे, आणि आता ते मागे घेतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा जुन्या गद्याची आठवण पुष्कळांनी काढली. ते गद्य कोठल्या बोलीच्या शेजारात वाढले, याची आठवण जरा कमी जणांनी काढली.

यंदाच्या दिवाळीत वाचायला काय आवडेल, असे संपादकांनी पत्राच्या शेवटी विचारले होते. नांदेडच्या बाजारात भाव करणाऱ्या बाईवर कोणी लिहिले तर आवडेल. धुळ्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्या शिक्षकावर, जो फळ्यावर एक भाषा लिहितो आणि मधल्या सुटीत दुसरी बोलतो. चंद्रपूरच्या खाणीतल्या पाळीवर. मुंबईच्या लोकलवरही चालेल. मात्र डब्यात भाजी निवडणाऱ्या बायका चौथ्यांदा दाखविताना त्या रात्री कितीला घरी पोहोचतात आणि पहाटे कितीला उठतात, तेही लिहावे. पुण्याची पाटी नको. अगदीच हवी असेल तर ती लिहिणाऱ्या दुकानदाराची गोष्ट सांगा. दुपारी एक ते चार तो झोपतो की आजारी बायकोचे करतो, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे.

आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिच्या पाककृतींची वही माझ्या सुनेकडे आहे. दसऱ्याला तिने त्यातली एक वडी केली, मैद्याच्या पारीत कोथिंबिरीचे तिखट सारण भरून तळलेली. वहीत वर 'सांबारवडी' असे लिहिले आहे, ते खोडून आईने 'कोथिंबीर वडी' केले आहे, आणि तेही खोडून, निराळ्या शाईने, पुन्हा 'सांबारवडी'. हे शेवटचे कधी लिहिले, कळायला मार्ग नाही.

माझ्या नातीने एक वडी मोडून आत पाहिले आणि विचारले, 'आजोबा, यात सांबार कुठंय?'

मी म्हटले, 'तू तेच खाऊन राहिली आहेस.'

ती हसली. म्हणाली, 'असं काय बोलता?' मग तिला भुसावळपासून सांगायला बसलो.